राखीव यष्टिरक्षकाची जागा : ज्येष्ठ खेळाडू आणि तरुण वारसदार या प्रश्नाचा आढावा

सांघिक खेळांत बहुतेक जागा वाटून घेता येतात. क्रिकेटच्या संघात सहा फलंदाज असतील, तर त्यांत चाळिशीकडे झुकलेला एक आणि विशीतला एक असे दोघेही सामावतात आणि निवड समितीला त्यांच्यापैकी कोणालाही घरी पाठवावे लागत नाही. काही जागा मात्र अशा असतात की त्यांवर एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो. यष्ट्यांमागे हातमोजे घालून बसणारा यष्टिरक्षक ही अशी जागा आहे, कर्णधारपदही तसेच आहे, आणि कुस्तीत एका वजनगटातून देशाच्या वतीने ऑलिम्पिकला जाणाऱ्या मल्लाची जागाही तशीच आहे. ज्येष्ठाला आणखी एक हंगाम द्यावा की तरुणाला आजच पुढे करावे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने धारदार होतो तो या जागांवर.

या प्रश्नाचे सर्वात उघडेवाघडे रूप पाहायचे असेल तर कॅनडातील फुटबॉलकडे पाहावे. हा फुटबॉल पायाने खेळण्याचा नव्हे. लंबगोल चेंडू हाताने फेकत आणि काखेत धरून धावत पुढे नेण्याचा आहे. एका बाजूला बारा खेळाडू असतात आणि दहा यार्डांची मजल मारण्यासाठी संघाला तीनच प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम हाती घेऊन तो कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती सोपवायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे काही क्षणांत ठरवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. संघाचा जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातातून जात असल्यामुळे दुसरा क्वार्टरबॅक, तो कितीही गुणी असला तरी, मैदानाच्या कडेला उभा राहून वाट पाहतो. हेन्री बरिस हे या प्रश्नाचे नमुनेदार उदाहरण ठरतात. कॅलगरीच्या संघाने २०१२ च्या आरंभी तरुण ड्रू टेट यांच्यासाठी वाट मोकळी करून बरिस यांना हॅमिल्टनकडे पाठवले. त्या हंगामाच्या सुरुवातीलाच टेट यांचा खांदा दुखावला आणि बरिस यांच्या बदल्यात आलेल्या केविन ग्लेन या दुसऱ्याच अनुभवी खेळाडूने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. पुढे हॅमिल्टननेही तरुण खेळाडू घेतला आणि बरिस ओटावाला गेले. तेथे २०१६ च्या ग्रे कप या अंतिम सामन्यात, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांनी त्याच कॅलगरीला ३९-३३ असे हरवले. समोरचे बो लेव्हाय मिचेल २६ वर्षांचे आणि त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू होते. कॅलगरीचा निर्णय म्हणून चुकला असे मात्र म्हणता येत नाही, कारण मिचेल यांच्यासारखा खेळाडू त्यांना मिळाला तो ती जागा रिकामी झाल्यामुळेच. त्यांनी वारसदार म्हणून नेमला एक आणि प्रत्यक्षात जागा पेलली दुसऱ्यानेच, एवढेच.

मराठी मुलखात या प्रश्नाचे जुने उत्तर कुस्तीने दिले आहे, आणि ते सरळ आहे: दोघांना आखाड्यात उतरवावे. डिसेंबर २०१८ मध्ये जालना शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. या स्पर्धेत गादी, म्हणजे मॅट, आणि माती असे दोन विभाग असतात आणि दोन्ही विभागांचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी भिडतात. गादी विभागातून आदल्या वर्षीचे विजेते, पुण्याचे अभिजित कटके, आणि माती विभागातून बुलढाण्याकडून उतरलेले बाला रफिक शेख समोरासमोर आले. शेख यांनी कुस्ती जिंकली आणि गदा त्यांच्या खांद्यावर गेली. कटके यांची आदल्या वर्षीची गदा या लढतीत एका गुणाच्याही मोलाची नव्हती. जालन्याच्या प्रेक्षकांना हा न्याय पटायला कोणाच्या स्पष्टीकरणाची गरज लागली नाही.

हे उत्तर कुस्तीलाही नेहमी पुरत नाही, हे २०१६ च्या ऑलिम्पिकपूर्वी दिसले. महाराष्ट्राकडून खेळणारे आणि तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांनी २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटातील भारताची ऑलिम्पिकची जागा निश्चित केली होती. २००८ आणि २०१२ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये पदके मिळवलेले सुशीलकुमार तोवर आपला ६६ किलोचा गट सोडून त्याच गटात आले होते आणि त्यांनी चाचणी लढतीची, म्हणजे दोघांची कुस्ती लावून निवड करण्याची, मागणी केली. जागा मिळवली तरुणाने, कीर्ती होती ज्येष्ठाची, आणि प्रत्यक्ष बळ कोणाचे अधिक हे आखाड्याशिवाय कळणे शक्य नव्हते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि निवडीचा अधिकार महासंघाचा मानून न्यायालयाने जून २०१६ मध्ये सुशीलकुमार यांची मागणी फेटाळली. त्यानंतर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीचे प्रकरण उद्भवले, क्रीडा लवादाने नरसिंग यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली आणि रिओत त्या गटात भारताकडून कोणीच उतरले नाही. ज्येष्ठ व तरुण यांच्या वादात दोघांचीही जागा जावी, असे उदाहरण विरळा. मात्र त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: जागा मिळवणे आणि जागेवर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या, तर दोन्हीकडचे दावे खरे ठरू शकतात आणि कोणताही तराजू त्यांचा निवाडा करू शकत नाही.

क्रिकेटमध्ये चाचणी लढतीचा मार्गच उपलब्ध नाही. एकाच संघातील दोन कर्णधार एकमेकांविरुद्ध उतरवून पाहता येत नाहीत. तेथे मत द्यावे लागते. जानेवारी १९७१ मधील मत मराठी क्रीडाविश्वात आजही चर्चेत असते. मन्सूर अली खान पतौडी १९६२ पासून, म्हणजे वयाच्या २१ व्या वर्षापासून, भारताचे कर्णधार होते. वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर यांची निवड झाली. या घटनेचे वर्णन ‘जुने गेले, नवे आले’ असे करण्याची प्रथा पडली आहे, परंतु ती तपासून पाहण्यासारखी आहे, कारण पतौडी आणि वाडेकर हे दोघेही १९४१ साली जन्मलेले आणि त्यांच्या वयांत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर होते. पदावर नऊ वर्षे घालवलेला माणूस तिशीतच ज्येष्ठ वाटू लागतो आणि पदावर नवा आलेला त्याच्याच वयाचा माणूस तरुण ठरतो. ज्येष्ठता ही जन्मतारखेपेक्षा खुर्चीवर घालवलेल्या काळाने मोजली जाते, हे या प्रसंगाने दाखवले.

त्याच दौऱ्यात या प्रश्नाची आणखी एक बाजू उघड झाली आणि ती अधिक बोलकी आहे. संघात २१ वर्षांचे सुनील गावसकर होते आणि तिशीतले, मडगावचे दिलीप सरदेसाई होते. सरदेसाई यांची निवड अनेकांना अनावश्यक वाटत होती आणि वाडेकरांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला होता. बोटाला झालेल्या जंतुसंसर्गामुळे गावसकर किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत खेळू शकले नाहीत. त्या सामन्यात सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला फॉलोऑन स्वीकारावा लागला. पुढच्या, पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत सरदेसाई यांचे शतक आणि पदार्पण करणाऱ्या गावसकर यांच्या ६५ व नाबाद ६७ धावा असा संगम झाला आणि भारताने वेस्ट इंडीजला प्रथमच कसोटीत हरवले. मालिकेअखेर गावसकरांच्या ७७४ आणि सरदेसाई यांच्या ६४२ धावा झाल्या. फलंदाजीच्या जागा वाटून घेता येत असल्यामुळे येथे कोणाला निवडायचे हा पेच पडलाच नाही, आणि नव्या कर्णधाराने आपले पहिले यश एका उतरणीला लागलेल्या समजल्या गेलेल्या खेळाडूच्या बॅटवर उभे केले. या कथेचा उत्तरार्ध सांगण्याचे मात्र बहुधा राहून जाते. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरल्यानंतर वाडेकर यांची कारकीर्द काही महिन्यांत संपली आणि त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचे नेतृत्व करायला पुन्हा पतौडीच आले. वारसदार आधी निवृत्त झाला आणि ज्याचा वारसा घेतला तो परतला.

यष्टिरक्षकाच्या जागेचा इतिहास याहून शांत आहे, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहिला आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नाचे सर्वात उपयुक्त उत्तर त्यातच सापडते. पूर्वीच्या लांबलचक परदेश दौऱ्यांवर दोन यष्टिरक्षक न्यावे लागत, कारण पहिल्याचे बोट मोडले तर सातासमुद्रापलीकडे दुसरा ऐनवेळी आणणार कोठून, ही व्यवहारातली अडचण होती. या अडचणीतून, कोणी मुद्दाम न आखता, एक शाळा तयार झाली. मुंबईचे फारुख इंजिनियर पहिल्या पसंतीचे असताना सय्यद किरमाणी १९७१ आणि १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यांवर राखीव म्हणून गेले. त्यांना प्रत्यक्ष कसोटी मिळाली ती जानेवारी १९७६ मध्ये ऑकलंडला, म्हणजे पहिल्या दौऱ्यानंतर साडेचार वर्षांनी, आणि लगेच पुढच्या कसोटीत त्यांनी एका डावात सहा बळी टिपून तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. किरमाणी यांची जागा पक्की असताना १९८२-८३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर राखीव म्हणून बडोद्याच्या मराठी कुटुंबातले किरण मोरे गेले. १९८६ मध्ये इंग्लंडला त्यांना संधी मिळाली तेव्हा तीन कसोटींत त्यांनी १६ झेल घेतले. त्याच दौऱ्यावरचे दुसरे यष्टिरक्षक, मुंबईचे चंद्रकांत पंडित, यांना संघात जागा मिळाली ती फलंदाज म्हणून. पुढे १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर मोरे यांच्यामागे राखीव म्हणून गेलेले, पुन्हा बडोद्याचेच, नयन मोंगिया १९९४ मध्ये कसोटी संघात आले.

राखीव यष्टिरक्षक दौऱ्यावर करतो काय, हे जवळून पाहिले पाहिजे. सकाळी सरावाच्या वेळी तो मुख्य यष्टिरक्षकाच्या बरोबरीने झेल घेतो, जाळ्यात फिरकी गोलंदाजांच्या मागे बसून प्रत्येकाचा चेंडू मनगटातून कसा सुटतो हे डोळ्यांत साठवतो, कसोटी चालू असताना पेव्हेलियनमधून पाहतो, स्थानिक संघांविरुद्धच्या किरकोळ सामन्यांत खेळतो आणि एरवी पाणी व कोरडे हातमोजे मैदानात पोचवतो. त्याच्या नावावर आकडे जमा होत नाहीत. जमा होते ती ओळख. फिरकी गोलंदाज चंद्रशेखर यांची गुगली की वेगाने आत येणारा चेंडू, हे फलंदाजाच्या आधी यष्टिरक्षकाला कळावे लागे, आणि ते कळायला दुसऱ्या कोणत्याही मैदानावरची शिकवणी उपयोगी नव्हती. ज्येष्ठालाही या व्यवस्थेत अपमान वाटण्याचे कारण नसते, कारण राखीव खेळाडू विम्यासाठी आलेला असतो, हाकलण्यासाठी नव्हे. सगळेच सुरळीत झाले असेही नाही. १९७९ मध्ये किरमाणी यांना अचानक वगळून भरत रेड्डी यांना इंग्लंडला नेले गेले, परंतु त्याच वर्षी किरमाणी परतले आणि मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध रात्रीचा पहारेकरी म्हणून फलंदाजीला जाऊन नाबाद १०१ धावा काढून बसले.

ही साखळी मोंगिया यांच्यानंतर तुटली. १९९९ पासून धोनी डिसेंबर २००५ मध्ये कसोटी संघात येईपर्यंत एमएसके प्रसाद, सबा करीम, विजय दहिया, समीर दिघे, दीप दासगुप्ता, अजय रात्रा, पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक अशा आठ जणांना कसोटीत हातमोजे मिळाले, आणि २००३ च्या विश्वचषकात तर राहुल द्रविड यांनाच यष्ट्यांमागे बसवावे लागले. यांतले दिघे मार्च २००१ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पदार्पण करताना ३२ वर्षांचे होते; शेवटच्या दिवशी त्यांच्या नाबाद २२ धावांनी सामना आणि मालिका जिंकून दिली. ज्येष्ठाच्या शेजारी कोणी उभा केलेला नसेल, तर ‘तरुण वारसदार’ म्हणून कधी १७ वर्षांचा मुलगा तर कधी ३२ वर्षांचा जाणता गृहस्थ आणावा लागतो. गुणवत्ता त्या सहा वर्षांत कमी पडली नव्हती. कमी पडला तो दोघांनी एकत्र घालवण्याचा काळ.

याचा अर्थ तुलना करूच नये असा नाही. ज्येष्ठाचे मोजमाप करताना एकच पथ्य पाळावे लागते: नेमके काय उतरणीला लागले आहे ते नाव घेऊन सांगावे. जानेवारी २००८ मध्ये दिलीप वेंगसरकर अध्यक्ष असलेल्या समितीने ऑस्ट्रेलियातील एकदिवसीय तिरंगी मालिकेसाठी गांगुली आणि द्रविड यांना वगळले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. परंतु तिथल्या विस्तीर्ण मैदानांवर चपळ क्षेत्ररक्षक हवेत, हे कारण निश्चित आणि तपासता येण्याजोगे होते, आणि दोघांचेही कसोटी संघातील स्थान शाबूत राहिले. भारताने ती मालिका जिंकली. उलट, ‘वय झाले’ एवढेच कारण पुढे केले की विदर्भाचे उदाहरण आडवे येते. मुंबई सोडून विदर्भाकडे गेलेले वसीम जाफर यांनी २०१८-१९ च्या रणजी हंगामात, चाळिशी ओलांडल्यावर, १०३७ धावा केल्या आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या संघातही जानेवारी २०२३ मध्ये ३७ वर्षांच्या केदार जाधव यांनी पुनरागमन करून आसामविरुद्ध २८३ धावा फटकावल्या.

आसामचे नाव येथे योगायोगाने पुन्हा घ्यावे लागते, कारण तरुणाच्या बाजूचा सर्वात मोठा आकडाही आसामविरुद्धचाच आहे आणि तो जालन्याचा आहे. २०११ मध्ये १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत रत्नागिरीच्या मैदानावर जालन्याच्या विजय झोल याने नाबाद ४५१ धावा केल्या. पुढे महाराष्ट्राकडून त्रिपुराविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्याने नाबाद द्विशतक काढले, आणि २०१४ च्या आरंभी त्याच्या नेतृत्वाखाली भारताने शारजात पाकिस्तानला हरवून १९ वर्षांखालील आशिया करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात त्याचे शतक होते. काही आठवड्यांनी झालेल्या विश्वचषकात भारत उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला. त्या संघातील संजू सॅमसन, श्रेयस अय्यर आणि कुलदीप यादव भारताच्या मुख्य संघात पोचले. कर्णधार पोचला नाही. यावरून झोल याच्या गुणांविषयी निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अमोल मुझुमदार यांनी १९९४ मध्ये मुंबईसाठी पदार्पणातच २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा काढल्या, आणि तरीही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. त्यांची वाट ज्येष्ठांनी नव्हे, तेंडुलकर, द्रविड, गांगुली अशा समवयस्कांनी अडवली होती. तरुणाचा आकडा म्हणजे पेरणीच्या वेळी केलेला उत्पन्नाचा अंदाज असतो, आणि जालन्यात, जेथे बियाणे कंपन्यांचा व्यवसाय मोठा आहे, या अंदाजाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

त्यातही अंतराचा मुद्दा आहे. जालना, परभणी किंवा बीड येथल्या मुलाला मोठ्या खेळाडूच्या शेजारी बसण्याची संधी मिळते ती महाराष्ट्र संघात शिरल्यावरच. मुंबईतल्या मुलाला ती आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कात, क्लबच्या एखाद्या शनिवारच्या सामन्यातही मिळू शकते, कारण रणजी खेळाडू तेथे येऊन जातात. जाफर विदर्भात गेले त्याचा फायदा धावफलकावर दिसला तेवढाच नव्हता; नागपूरच्या तरुण फलंदाजांना त्यांच्या शेजारी पॅड बांधून बसता आले. मराठवाड्याच्या बाबतीत ज्येष्ठ विरुद्ध तरुण असा वाद क्वचितच उभा राहतो, कारण दोघे एका ठिकाणी येण्याचे प्रसंगच थोडे.

अलीकडच्या काळात या सगळ्या पर्यायांची परीक्षा एकाच संघाने एकापाठोपाठ एक दिली आहे. आयपीएलमधील चेन्नई सुपर किंग्जने २०२२ मध्ये महेंद्रसिंह धोनी यांच्याकडून कर्णधारपद रवींद्र जडेजा यांच्याकडे सोपवले आणि हंगाम अर्धा व्हायच्या सुमारास ते पुन्हा धोनींकडे आले. जडेजा दशकभर त्या संघात असले तरी कर्णधार म्हणून त्यांना कोणी राखीव बसवले नव्हते. २०२३ चे विजेतेपद धोनींनीच मिळवून दिले. मार्च २०२४ मध्ये, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, पुण्याचे ऋतुराज गायकवाड कर्णधार झाले, आणि धोनी यष्ट्यांमागे राहिले. ही रचना यष्टिरक्षकांच्या जुन्या जोडीसारखी होती, फक्त उलटी: येथे ज्येष्ठ हाच राखीव होता. तिचा दोष असा की क्षेत्ररचना बदलताना अकरा जणांची नजर सवयीने यष्ट्यांमागे जात राहते. तिचा उपयोग एप्रिल २०२५ मध्ये कळला. गायकवाड यांच्या कोपराचे हाड मोडले आणि ११ एप्रिलला चेपॉकवर कोलकात्याविरुद्ध नाणेफेकीला ४३ वर्षांचे धोनी पुन्हा उभे राहिले. चेन्नईला त्या दिवशी २० षटकांत १०३ धावाच करता आल्या, आणि हंगामाअखेर संघ तळाला राहिला.

गायकवाड यांची फलंदाजीची जागा मात्र धोनी भरून काढू शकत नव्हते. तिच्यासाठी विरारचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे याला बोलावण्यात आले आणि २० एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या. एका तरुणाच्या दुखापतीने रिकामी झालेली जागा अशा रीतीने दोघांत वाटली गेली, आणि त्या दोघांच्या वयांत २६ वर्षांचे अंतर होते. त्याच उन्हाळ्यात म्हात्रे याची १९ वर्षांखालील भारतीय संघाच्या कर्णधारपदी इंग्लंड दौऱ्यासाठी निवड झाली. अकरा वर्षांपूर्वी ते पद जालन्याकडे होते.